कापसाच्या खोलीतला कॉम्प्युटर

खामगावात माझं दुकान होतं, तेव्हा गिऱ्हाइकं मला तीन नावांनी ओळखत. जुनी माणसं 'रेडिओवाल्याचा सलीम' म्हणत, कारण वडिलांनी आयुष्यभर रेडिओ दुरुस्त केले. नव्या पिढीसाठी मी 'कॉम्प्युटरवाले सलीमभाई' होतो. आणि 'दोन मिनिटाचं त काम हाय' म्हणणाऱ्यांचं काम दोन तासांतही झालं नाही की ते मला जे म्हणत, ते दिवाळी अंकात छापण्याजोगं नाही. आता दुकान पुतण्या चालवतो. तो मोबाइल विकतो आणि मी खुर्चीत बसून कोणी न विचारलेले सल्ले देतो.

माझं काम घरोघरी जाऊन कॉम्प्युटर बसवून द्यायचं. मोटरसायकलला पिशवी अडकवायची, पिशवीत पेचकस, ब्रश आणि सीड्यांचं जाडजूड पाकीट. खामगावच्या आसपासची खेडी तर होतीच, पण पार लोणार तालुक्यातल्या सुलतानपूरपर्यंत मी गेलेलो आहे. तिथल्या एका गुरुजींनी नव्या कॉम्प्युटरला बायकोकडून कशिदा काढलेलं झाकण शिवून घेतलं होतं आणि मशीन चालू असतानाही ते काढायला ते तयार नसत. 'धूळ बसते' म्हणे. देऊळघाटच्या एका किराणा व्यापाऱ्यानं शुभ घटका येईपर्यंत मला तासभर नुसतं बसवून ठेवलं, वर चहा तीनदा पाजला. आणि एका सधन शेतकऱ्यानं तर मला बाजूला घेऊन सांगितलं, "पोराले पुण्याले धाडाचं नाही आपल्याले. काय ते सॉफ्टवेअरची कंपनी म्हणतात ना, ते याच्यातच टाकून द्या." मी हसलो नाही. धंद्यात हसायचं घरी जाऊन.

त्या शेतकऱ्याची मागणी पुढे खरी झाली, म्हणजे थोडीशी. शहरात शिकून गावी परतलेली मुलं घरच्या कॉम्प्युटरवर प्रोग्रॅम लिहायचा सराव करू लागली आणि त्यासाठी लागणारं सगळं बसवून द्यायचं काम माझ्याकडे येऊ लागलं. वाचकांना माहीत नसेल म्हणून सांगतो. शिंप्याला नुसती शिलाई मशीन देऊन भागत नाही. सुई, बॉबिन, कात्री, टेप, इस्त्री, कापायचं टेबल, सगळं हाताशी लागतं आणि ठरल्या जागी लागतं. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याचंही तसंच. लिहायचं एक सॉफ्टवेअर, लिहिलेलं मशीनला कळेल अशा भाषेत बदलणारं दुसरं, माहिती साठवणारं तिसरं, आणि केलेलं काम चालवून बघायला चौथं. शिवाय यातलं कुठलं कुठं ठेवलंय ते मशीनला नेमकं सांगावं लागतं. त्यात एक टिंब चुकलं की मशीन सरळ म्हणतं, असलं काही माझ्याकडे नाहीच. मी कॉलेजात गेलेलो नाही, पण हे सगळं पुस्तकं वाचून आणि चुका करून शिकलो, आणि त्याचा मला गर्व होता. थोडा जास्तच होता.

सुवर्णाचं काम आलं ते याच दिवसांत. ती पिंपळगाव राजाची. वडील पुंडलिकराव, घरचे सगळे त्यांना दादा म्हणत, म्हणून मीही दादाच म्हणायचो. कोरडवाहू पण स्वतःची जमीन, कुणापुढे हात पसरावा लागला नाही असं घर. सुवर्णानं कॉम्प्युटरचं शिक्षण घेऊन पुण्यात वर्षभर नोकरी केली होती. आईचं पाठीचं दुखणं वाढलं, घरात करणारं कुणी नाही, म्हणून ती परत आली होती. दिवाळीत दादांनी तिला माझ्याकडून कॉम्प्युटर घेऊन दिला. मीच सुटे भाग जोडून केलेला.

संक्रांतीनंतर तिच्या पुण्याच्या ओळखीच्या एका छोट्या कंपनीनं तिला एक काम दिलं. रक्तपेढीत रक्ताच्या पिशव्या किती आल्या, कुठल्या गटाच्या, कुणाला दिल्या, हे सांभाळणारं सॉफ्टवेअर. मुदत एक महिना. वेळेत आणि नीट झालं तर घरी बसून कायमचं काम, नाहीतर नाही. इकडे जालन्याकडचं एक स्थळ चालून आलं होतं आणि उन्हाळ्यात लग्न उरकून टाकायचं घरात बोलणं होतं. त्या लोकांना नोकरी करणारी सून नको होती. सुवर्णानं दादांकडे एक महिना मागून घेतला होता. काम मिळालं तर स्थळाला नकार कळवायचा, नाही मिळालं तर ती बघायच्या कार्यक्रमाला साडी नेसून बसणार. हे मला तिच्या आईनं सांगितलं, चहा देताना, अगदी सहज.

मशीन ठेवलं होतं मागच्या खोलीत. आणि त्या खोलीत होता कापूस.

आमच्या भागात नव्यानं येणाऱ्याला याचं नवल वाटतं. कापसाचं बीटी बियाणं येऊन तेव्हा काही वर्षं झाली होती. सुरुवातीला बोंडअळीचे फवारे कमी झाले, उताराही बरा आला, माणसं खुशीत होती. पुढे बियाण्याची पाकिटं आणि खतं महाग होत गेली, उतारा मात्र पावसाच्या मर्जीवर राहिला. शेतकऱ्याच्या हातात एकच गोष्ट उरली, ती म्हणजे थांबणं. आदल्या वर्षी कापसाला कधी नव्हे तो भाव आला होता, म्हणून त्या वर्षी गावच्या गाव कापूस घरात भरून भावाची वाट बघत बसलं होतं. कुणाच्या बैठकीत, कुणाच्या माजघरात, कुणाच्या पलंगाखाली कापूस. दादांच्या मागच्या खोलीत तो खिडकीच्या वरपर्यंत गेला होता. एका कोपऱ्यात लाकडी फळ्या उभ्या करून, वर जुनी साडी बांधून टेबलापुरती जागा काढलेली. इन्व्हर्टरची वायर त्याच खोलीत होती आणि वीज दिवसातून कितीतरी तास नसायची, त्यामुळे दुसरीकडे टेबल हलवायची सोय नव्हती. साठवलेल्या कापसाची अंगाला खाज सुटते. मी तिथून घरी गेलो की बायको आधी न्हाणीघर दाखवायची, मग ताट.

सुवर्णा त्या कोपऱ्यात दिवसभर बसायची, बाह्या मनगटापर्यंत ओढून. इंटरनेटचं यंत्र खिडकीबाहेर बांबूला बांधलेलं. पुण्याच्या लोकांशी फोनवर शुद्ध बोलायची आणि फोन ठेवला की आईला म्हणायची, "माय, चहा मांड वं, डोकं पिकलं." मी सगळी सॉफ्टवेअरं सीडीवरून बसवून दिली, चालवून दाखवली. जाताना एक ताकीदही दिली, "पेन ड्राइव्ह लावाचा नाही कोणाचा. त्याच्यातूनच व्हायरस येते." हे वाक्य मी त्या काळात दिवसातून दहा वेळा बोलत असे.

दहाव्या दिवशी तिचा फोन आला. काम चालवून बघायला घेतलं की मशीन दहा मिनिटांत धाडकन बंद पडतं. मी गेलो, सॉफ्टवेअर काढून परत बसवलं, तपासलं, चाललं. चार दिवसांनी पुन्हा तेच. विजेचा दाब बघितला, स्टॅबिलायझर बदलला. पुन्हा चाललं. म्हणजे माझ्यासमोर चालायचं. त्यात नवल नव्हतं, मी थंड मशीन चालू करत होतो आणि चाललं म्हणून चहा पिऊन निघत होतो. पेटी उघडून बघावी असं एकदाही मनात आलं नाही. तीन महिन्यांपूर्वी स्वतःच्या हातानं जोडलेलं मशीन, त्यात काय बघायचं!

तिसऱ्यांदा गेलो तो महिन्याचा एकोणिसावा दिवस. सुवर्णा खामगावला गेली होती, आईची औषधं आणायला. दादा ओसरीवर बसले होते. मी ठरवूनच गेलो होतो की आता पुरतं पुसून नव्यानं भरायचं. माझ्या धंद्यात त्याला 'फॉरमॅट मारणं' म्हणतात, आणि खरं सांगायचं तर कारण सापडलं नाही की आम्ही सगळे तेच करायचो.

माझ्या वडिलांनी मला एक गोष्ट पक्की शिकवली होती. परक्या घरात गेलं की डोळे मशीनवर ठेवायचे आणि बोलायचं ते घरातल्या कर्त्या माणसाशी. रेडिओच्या काळात ते ठीकच होतं. मी त्या दिवशीही तेच केलं. म्हटलं, "दादा, सगळं पुसावं लागते. याच्यात ठेवाचं काही हाय का?"

दादा म्हणाले, "त्यात काय असते? टाइपिंग करते पोरगी दिवसभर. टाका पुसून. नवंकोरं होऊ द्या."

सुवर्णाकडे मोबाइल होता. तिचा नंबर माझ्या खिशातल्या डायरीत होता. मी फोन केला नाही. दादांनी सांगितलं, विषय संपला, असंच मला वाटलं. सगळी डिस्क पुसली, विंडोज भरलं, बाकीचं एक एक करून बसवायला घेतलं.

दुपारी ती आली. हातातली पिशवी खाली ठेवून खोलीत डोकावली. पडद्यावर नव्या विंडोजची ती हिरवी टेकडी होती. ती पुढे आली, माऊस हातात घेतला, दोन-तीन ठिकाणी उघडून बघितलं.

"सलीमभाई, माह्यं काम कुठी हाय?"

मी म्हणालो, "पुसावं लागलं. दादाले विचारलं होतं मी."

तिनं दारात उभ्या दादांकडे बघितलं, मग माझ्याकडे. आवाज चढवला नाही. "मले काऊन नाही विचारलं?"

दुसरीकडे कुठे प्रत ठेवली आहे का, असं मी उगीच विचारलं. ती म्हणाली, "तुमीच सांगतलं होतं ना, पेन ड्राइव्ह लावू नका म्हणून." पहिल्या आठवड्यातलं काम तिनं कंपनीला ईमेल केलं होतं, तेवढं वाचलं. बाकीचं गेलं.

मला लाज वाटत होती, म्हणून मी भराभरा हात चालवत राहिलो. उरलेली सॉफ्टवेअरं बसवली, ईमेलमधलं काम उतरवून चालू केलं. 'बघा, आता नाही बंद पडणार,' असं म्हणेपर्यंत मशीन धाडकन बंद पडलं. आम्ही तिघं त्याच्याकडे बघत उभे राहिलो.

तेव्हा मी पेटी उघडली. मशीनच्या मेंदूवर एक पंखा असतो, त्याखाली उष्णता बाहेर काढणाऱ्या धातूच्या पट्ट्या. त्या पट्ट्या दिसतच नव्हत्या. पंख्यानं तीन महिने खोलीतल्या हवेतला कापूस ओढून त्यांच्यावर नीट थापून बसवला होता. बोटानं उचलला तर भाकरीच्या पापुद्र्यासारखा अख्खा हातात आला. दोन मिनिटांचं काम. ब्रश माझ्या पिशवीतच होता, तिन्ही वेळा होता.

दादांनी तो तुकडा माझ्या हातातून घेतला. सवयीनं चिमटीत धरून धागा ओढून बघितला, लांबी बघतात तसा. मग म्हणाले, "आपलाच हाय," आणि बाहेर निघून गेले.

डिस्क मी दुकानात आणली आणि पुसलेलं परत काढणारं सॉफ्टवेअर दिवसभर चालवलं. नावं नसलेल्या शेकडो फायली निघाल्या, त्यांत तिच्या कामाच्या काही अर्ध्यामुर्ध्या. तेवढं आणि डिस्क घेऊन तिसऱ्या दिवशी पिंपळगावला पोचलो, तर दारात टेम्पो उभा. गावात येऊन कापूस घेणारा व्यापारी काटा लावून बसलेला आणि दोन माणसं मागच्या खोलीतून गाठोडी काढत होती. त्या दिवशीचा भाव काय होता ते अख्ख्या गावाला माहीत होतं. त्या भावाला शहाणा माणूस कापूस काढत नव्हता.

मी दादांना म्हणालो, "दादा, एवढ्याची गरज नाही हो. मी दर चार दिवसाले येऊन पंखा साफ करून देतो. नाहीतर वायर वाढवून टेबल बैठकीत आणू. वायर माह्याकडून."

दादा काट्याकडे बघत म्हणाले, "बैठकीत चार माणसं येतात, बसतात. तिले कोण काम करू देईन तिथं? तुमी मले विचारलं, अन् मी म्हटलं, त्यात काय असते. घरात पोरगी काम करून राह्यली अन् बापाले ठावूक नाही ती काय करते. तुमची चूक अर्धी, माही अर्धी. खोली मोकळी होऊ द्या."

संध्याकाळपर्यंत खोली रिकामी झाली. सुवर्णाच्या आईनं ती शेणानं सारवली, भिंतींवरून ओला कपडा फिरवला. अंगाची खाजही गेली. पण दिवस उरले होते आठ.

मी त्या आठ दिवसांत तीनदा गेलो. पंखा साफच असायचा, तरी उघडून बघायचो. सुवर्णा बोलायची नाही फारशी. एकदा लिहिलेलं परत लिहिणं सोपं असतं असं लोकांना वाटतं. तसं नसतं. कागदावर काहीच नाही, सगळं डोक्यात, आणि डोक्यात राहतं ते मोठं मोठं. बारीक गोष्टी निसटतात. ती एका वहीत आठवेल तसं टिपत जायची आणि लिहीत जायची. वीज गेली की इन्व्हर्टर, इन्व्हर्टर संपला की वही. आता रोज एक प्रत पेन ड्राइव्हवर ठेवायची आणि तो पेन ड्राइव्ह मीच आणून दिलेला होता.

शेवटच्या दिवशी सकाळी मी पोचलो तेव्हा ती दादांना खुर्चीत बसवत होती. "पुण्याले पाठवाच्या आधी तुमी पाहा," म्हणाली. दादा टोपी सारखी करून बसले. तिनं दाखवलं, पिशवी आली की अशी नोंद, गट असा, दवाखान्यानं मागितली की अशी वजा. दादांच्याच नावानं एक रक्तदाता भरला. गट विचारला तर त्यांना माहीत नव्हता. ती हसली, बऱ्याच दिवसांनी. मी दाराशी उभा राहून बघत होतो आणि मला सगळं झकास वाटत होतं.

दादा बराच वेळ पडद्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "हे रक्त किती दिवस राह्यते?"

"ठरलेले दिवस, दादा. मंग फेकावं लागते."

"मंग ठेवलेलं जुनं झालं, त हे मशीन सांगते का? आपला कापूस ठेवला त पिवळा पडते, वजन घटते. मले दिसते म्हणून समजते. पिशवीतलं कसं समजावं?"

सुवर्णा कपाळाला हात लावून खाली बसली. "हे होतं, दादा. पहिल्यानं लिहिलं होतं मी, जुनी पिशवी लाल दिसाची. आता राहून गेलं."

जुनं झालेलं रक्त चांगलं म्हणून दाखवणारं सॉफ्टवेअर कुठल्या कंपनीनं घेतलं असतं? तिनं दादांना खुर्चीतून उठवलं आणि बसली. आईनं जेवणाचं ताट तिथंच आणून ठेवलं, ते तसंच राहिलं. दादा ओसरीवर गेले नाहीत, भिंतीला टेकून खालीच बसून होते. दुपारी वीज गेली तेव्हा मी खामगावातून आणलेली माझी बॅटरी जोडली. तिसऱ्या प्रहरी तिनं जुन्या पिशव्या लाल करून दाखवल्या, दादांनी मान हलवली, आणि तिनं काम पाठवून दिलं. त्या बांबूवरच्या इंटरनेटनं ते जायला पाऊण तास घेतला. आम्ही चौघं पाऊण तास त्या पडद्यावरची पट्टी सरकताना बघत होतो.

पाच दिवसांनी कंपनीचा फोन आला. ठेवून घेतलं होतं. जालन्याच्या स्थळाला दादांनी स्वतः जाऊन नकार दिला.

शिमगा झाल्यावर कापसाचा भाव चढला. फार नाही, पण ज्यांनी दम धरला त्यांचं साधलं. मला ते खामगावच्या बाजारात कळलं आणि त्या दिवशी जेवण गेलं नाही. माझ्या ब्रशचं दोन मिनिटांचं काम मी केलं असतं, किंवा तिला एक फोन केला असता, तर त्या घरातला कापूसही त्या भावाला गेला असता. दुसऱ्या दिवशी पिंपळगावला गेलो. काही बिघडलं नव्हतं, नुसताच गेलो. शेजारच्या घरासमोर गाडी भरली जात होती. दादा ओसरीवर बसून बघत होते.

मी म्हणालो, "दादा, माह्यामुळं तुमचं नुकसान झालं. माफ करा."

दादांनी मला बसायला जागा करून दिली. आतल्या खोलीतून सुवर्णाच्या बोटांचा टकटक आवाज येत होता, पुण्याच्या कामाचा. दादा तिकडे मान करून म्हणाले, "सलीमभाई, पेरलेलं जळून गेलं त आमी दुबार पेरतो. कैकदा पेरलं. कधी उगवलं, कधी नाही उगवलं. पण मी पेरतो तवा घरचे चार जण संग असतात. या पोरीनं एकटीनं दुबार पेरणी केली, अन् मी बाप, मी वावराबाहेर धुऱ्यावर उभा होतो." गाडीकडे हात करून ते म्हणाले, "कापसाचं काय घेऊन बसले तुमी."

मग त्यांनी आत हाक मारली, "सुवर्णा, सलीमभाई आले. तुह्यं काम आटोपलं की चहाले ये. आमी थांबतो."

आम्ही थांबलो. ती बऱ्याच वेळानं आली.